गाव पुसायचा शॉट

आमच्या नात्यात कुणाचं लग्न मोडलं की दुसऱ्या दिवशी फोटो माझ्याकडे यायचा. हिला काढ. याला काढ. आजोबांच्या बाजूला तो काळा शर्टवाला उभा आहे ना, त्याला काढ आणि तिथे गावदेवी टाक. मी आर्ट कॉलेजात ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकते, याचा आमच्या कोलशेतच्या नातेवाइकांनी लावलेला अर्थ एवढाच होता. एका चुलतभावाला वाढदिवसाच्या बॅनरवर मागे वाघ हवा होता. टाकला. तर म्हणे, वाघ माझ्यापेक्षा मोठा का दिसतोय? मी म्हटलं, कारण तो वाघ आहे. त्याने पुढचे कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला. मला काडीचाही फरक पडला नाही.

माझ्या नाकावर राग असतो हे मी आधीच सांगून ठेवते. आईच्या मते तो माझ्या आत्याकडून आलाय. आत्याच्या मते आईकडून. कुठून का येईना, आलाय तो आलाय.

कॉलेज कल्याण-शीळ रोडवर, डोंबिवलीच्या बाजूला. मी कोलशेतहून स्कूटरवर जायचे. माजिवड्याहून कळवा, मुंब्रा करत शीळफाट्याला पोचायचं आणि तिथे कंटेनरच्या मागे धूळ खात उभं राहायचं. उशीर झाला की सर विचारायचे, 'शीळफाटा?' मी मान हलवायचे. ते पुढे शिकवायला लागायचे. या एका बाबतीत आमचं छान जमलेलं.

कॉलेजात पेंटिंगवाले आम्हाला कलाकार मानत नसत. त्यांच्या हाताला रंग, आमच्या हाताला माऊस. 'तुमचं काय, कॉम्प्युटरच करतो सगळं.' मग नवीन सुरू झालं, 'आता तर तेही एआय करणार, तुम्ही काय करणार?' हे मला कँटीनमध्ये ऐकावं लागायचं, बसस्टॉपवर ऐकावं लागायचं, एका लग्नाच्या पंगतीत तर वाढपीसुद्धा बोललेला. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, 'तुझं काम कोण करणार ते बघ आधी.' वाढप्याने त्यावर मला जिलेबी कमी वाढली.

तर मला काय येत होतं? मला पुसता येत होतं. आमच्यात त्याला क्लीन-अप म्हणतात. सिनेमात हिरो उडतो तेव्हा त्याला बांधलेल्या वायरी कुणीतरी बसून एकेका फ्रेममधून पुसलेल्या असतात. ऐतिहासिक सीनमध्ये मागे मोबाईलचा टॉवर आला की तो कुणीतरी काढलेला असतो. ते कुणीतरी म्हणजे मी. बाकीच्यांना ड्रॅगन बनवायचे होते, स्फोट करायचे होते. मला पुसायला आवडायचं. माजिवड्याच्या पुलाखालचा एक शॉट मी घेतलेला, होर्डिंग, केबली, रिक्षा सगळं त्यात. एकेक काढत गेले आणि शेवटी नुसता रस्ता आणि वर आभाळ उरलं. वर्गात सगळ्यांना म्हटलं, काढलेली जागा शोधून दाखवा. कुणाला सापडली नाही. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत हेल्मेटच्या आत हसत होते.

शेवटच्या वर्षाला सरांनी एक खरं काम आणलं. एक बिल्डर खाडीकिनारी टॉवर बांधत होता आणि त्याला लोकांना दाखवायला फिल्म हवी होती. सरांनी वर्गाला सांगितलं, मुंबईतला एक स्टुडिओ या कामावरूनच आपल्या वर्गातून दोघांना घेणार आहे. सगळे एकदम ताठ बसले. मीही बसले, खोटं कशाला बोलू. असल्या स्टुडिओत जायचं म्हणून तर मी इतकी वर्षं शीळफाट्याची धूळ खात होते.

मग सरांनी पहिला शॉट लावला. ड्रोन खाडीवरून येतो. पाण्याच्या अगदी जवळून, संथ. भरतीची वेळ, पाणी काचेसारखं. समोर किनारा मोठा मोठा होत जातो, मग ड्रोन वर उचलतो आणि मागच्या मोकळ्या जागेवर आम्ही थ्रीडीत बनवलेले टॉवर दिसणार. फक्त पाणी आणि टॉवर यांच्या मध्ये एक गाव होतं. शॉटवर बिल्डरच्या मार्केटिंगवाल्याने शेरा मारलेला: झोपडपट्टी काढणे.

ते आमचं गाव होतं.

मी नीट बघितलं, कारण एवढ्या वरून आपलं गाव पटकन ओळखू येत नाही. पण देऊळ दिसलं, त्यावरचा झेंडा दिसला, मग तिथून तिसरं घर आमचं. गच्चीवर आई होती. जांभळी मॅक्सी घालून सुकट वाळत घालत होती. आणि याला झोपडपट्टी म्हणतात? अहो, आमच्या घराला ग्रॅनाइटचा जिना आहे. माझे आजोबा त्या खाडीकाठी मिठागरात राबले. जिथे हे टॉवर उभे राहणार होते ती भातशेती आमची आणि आमच्या भाऊबंदांची होती, आणि ती आम्हीच त्या बिल्डरला दिलेली. घरं मात्र गावठाणात, जिथे होती तिथेच. त्यांना कुणी हात लावणार नाही असं ठरलेलं. हात लावायचा नाही, नुसतं दाखवायचं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सर म्हणाले, 'हा शॉट अवघड आहे. कॅमेरा हलतोय, उजेड बदलतोय. हा तू करायचास.'

'मी नाही करणार सर.'

'का?'

'त्यात माझी आई आहे.'

वर्ग हसला. मी हसले नाही तसे सगळे हळूहळू गप्प झाले. सरांनी मला बाहेर नेलं. सर वाईट माणूस नव्हेत, हे मी आजही सांगेन. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं. ते जिन्यात उभे राहून म्हणाले, 'हे बघ, आपल्या धंद्यात शॉट निवडता येत नाही. उद्या स्टुडिओत तुला कुणी विचारणार आहे का, हा पूस की तो पूस?'

'तेव्हा उद्याचं उद्या बघू. हा मी नाही पुसणार.'

'अगं, पिक्सल आहेत ते. घर नाहीये.'

'मग राहू द्या ना सर. पिक्सलच आहेत तर बिल्डरला काय त्रास होतोय?'

सरांनी घड्याळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं की स्टुडिओला ते कामावरूनच नावं देणार, आणि ज्याने काम केलं नाही त्याचं नाव ते देऊ शकत नाहीत. मी म्हटलं, नका देऊ. आवाज माझा ठीक होता. स्कूटरपाशी येईपर्यंत ठीक होता. मग पार्किंगमध्ये मी रडले, आणि रडताना स्वतःचाच भयंकर राग आला, कारण बाजूला वॉचमन उभा होता.

मला वाटलं घरी तरी कुणी पाठीवर हात ठेवेल. बाबांना सगळं सांगितलं. बाबा गावातले जमीनमालक म्हणजे पांढरा शर्ट, गळ्यात चेन, आणि कुठल्याही भांडणात मधे पडायची हौस. मला वाटलं उठतील आणि बिल्डरच्या ऑफिसात जातील. ते टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, 'काढ की मंग. पिच्चरमधून काढल्यावर घर पडतं काय?'

'बाबा, झोपडपट्टी लिहिलंय त्यांनी.'

'लिहू दे. जमीन दिली, त्याच्या बदल्यान फ्लॅट येनार हाय आपल्याला. त्याचा धंदा नाय झाला तं आपला काय होनार?'

आपलेच दात, आपलेच ओठ. बिल्डरला शिव्या देता येतात, बापाला काय देणार? मी आईकडे वळले. आईने वेगळाच प्रश्न विचारला.

'मी दिसते त्यात? मॅक्सीवर?'

'हो.'

'काढ गो बाय. आधी मला काढ. सगळ्या दुनियेला मॅक्सी दाखवतेस काय?'

आता हिला काय बोलणार. आईला काढलं असतं मी, एका दिवसात, आणि तिच्या जागी सुकट तेवढी ठेवली असती. पण गाव मी काढणार नव्हते. जेवायला बसले नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि आत्याला फोन लावून तिच्या रागाचा वारसा कुठवर आला ते कळवलं.

शॉट माझ्या मित्राला मिळाला. डोंबिवलीचा, आईवडील दोघं शिक्षक, बोलणं एकदम स्वच्छ. आम्ही पहिल्या वर्षापासून शेजारी बसत होतो. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, 'मला दिलाय तो शॉट. रागावलीस?'

'हो.'

'मी नाही घेतला तर दुसऱ्या कुणाला देतील.'

'माहितीये. तरी रागावलेय.'

तो बिचारा खाली मान घालून जागेवर गेला. आधी त्याने एआयने करून बघितलं. मार्केटिंगवाला म्हणालेला, आता एका बटणात होतं. बटणाने आमच्या घरांच्या जागी चिखलासारखं काहीतरी केलं आणि तो चिखल प्रत्येक फ्रेमला हलत होता. मग तो हाताने करायला बसला. मी बाजूलाच माझं दुसरं काम करत होते, टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये कुंड्या ठेवायचं. बघायचं नाही म्हटलं तरी डोळा जातोच. आधी कडेची घरं गेली. मग आमचं गेलं, ग्रॅनाइटच्या जिन्यासकट. मग देऊळ गेलं. त्या जागी हिरवळ आली, फिरायला वाट आली, बाकं आली. आमच्या देवळाच्या जागी एक गोरी बाई कुत्र्याला घेऊन पळत होती.

मी त्याला विचारलं, 'ही कुठली?'

'सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून आली. तयार मिळते.'

'आणि गावदेवी तयार मिळत नाही?'

त्याने कुत्रं जरा डावीकडे सरकवलं. काम मात्र त्याने चांगलं केलेलं. मला ते कबूल करावं लागलं.

फिल्म पाठवायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. म्हणाले, 'तू पुसलं नाहीस, ठीक आहे. पण वर्गात तुझ्याइतकी नजर कुणाची नाही. फायनल चेक तू कर. चेक केलंस म्हणून मी तुझं नाव स्टुडिओला देईन.' त्यांना मला मदत करायची होती. मला ते कळलं आणि मला बरंही वाटलं. घरं मी पुसायची नव्हती, कुंड्या बघायच्या होत्या, त्यात काय.

अंधार करून प्रोजेक्टरवर फिल्म लावली. मी पुढे बसले. सर मागे उभे. ड्रोन पाण्यावरून येऊ लागला आणि मला पहिल्याच वेळी दिसलं.

क्लीन-अप करणाऱ्याची एक ठरलेली चूक असते. तो वस्तूकडे इतका बघतो की ती वस्तू आणखी कुठे दिसतेय हे बघायचं राहतं. माणूस काढतो, सावली राहते. गाडी काढतो, दुकानाच्या काचेत गाडी तशीच. इथे मित्राने किनाऱ्यावरचं सगळं गाव काढलं होतं आणि खाडीतलं ठेवलं होतं. पाण्यात आमची घरं उलटी उभी होती. देऊळ होतं, झेंडा होता. वर हिरवळ, गोरी बाई, कुत्रं, आणि खाली पाण्यात अख्खं कोलशेतचं गावठाण. थोडा वेळच, ड्रोन वर उचलेपर्यंत. सगळ्यांची नजर येणाऱ्या टॉवरकडे असते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांच्याही नाही.

सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा बघितलं. आई पाण्यात दिसत नव्हती, तेवढं तिच्या मनासारखं झालेलं.

'काही राहिलंय का?' सरांनी विचारलं.

मला नीट आठवतं, मी अजिबात घाबरले नव्हते. उलट कितीतरी दिवसांनी मला शांत वाटलं. मित्र कोपऱ्यात बसलेला, त्याच्याकडे मी बघितलं नाही. चूक त्याची होती, पण ती आता माझी झाली, आणि मला ती हवी होती.

'ओके आहे सर,' मी म्हटलं.

सर खूश झाले. माझं नाव स्टुडिओला गेलं. कळवलं त्यांनी तसं, आणि मी घरी पेढे नेले नाहीत. आईला वाटलं माझा राग अजून उतरला नाही.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती त्याच जागेवर. आमच्या जुन्या शेतात मांडव घातलेला, समोर मोठी एलईडी स्क्रीन, गार पाण्याच्या बाटल्या, आणि येणाऱ्याला गुलाबाचं फूल देणाऱ्या मुली. संध्याकाळची वेळ. घर घ्यायला आलेली शहरातली माणसं मागे, आणि पुढच्या रांगेत आमचे गाववाले, जमीनमालक म्हणून. त्यांना शाल आणि नारळ द्यायचा होता. बाबा नवीन शर्ट घालून आलेले. आई जरीच्या साडीत. सर आम्हा मुलांना घेऊन आलेले, कारण बिल्डरला सांगायचं होतं की बघा, स्थानिक मुलांनी बनवलं. स्थानिक म्हणजे मीच काय ती.

शाली झाल्या. मग फिल्म लागली.

ड्रोनचा व्हिडिओ लागला की माणूस काय करतो? आपलं घर शोधतो. कुणालाही विचारा. पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम पुढे झाल्या. खाडी ओळखली त्यांनी, कुणीतरी म्हणालं पण, 'ही आपली खारी.' किनारा जवळ आला. माना डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या. टॉवर आले, संगीत वाढलं, मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या रांगेत कुणी टाळी वाजवली नाही. शालीतला नारळ मांडीवर घेऊन सगळे नुसते बसलेले.

बाबा उभे राहिले.

'मागं घे,' ते स्क्रीनवाल्या पोराला म्हणाले. 'पयल्यापासून.'

पोराने मार्केटिंगवाल्याकडे बघितलं. मार्केटिंगवाला हसत हसत पुढे आला, 'काका, आपण नंतर निवांत बघू ना.' बाबांनी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. जमिनीवर पाय रोवून उभे राहिले, आणि जमीन कालपर्यंत त्यांचीच होती. पोराने मागे घेतलं. ड्रोन पुन्हा पाण्यावरून आला आणि बाबा म्हणाले, 'थांब.'

चित्र थांबलं. बाबा चालत स्क्रीनपाशी गेले. हिरवळीवर हात फिरवला, गोऱ्या बाईवर फिरवला. घर कुठे असायला हवं हे त्यांना न बघता कळत होतं, तिथे बोट ठेवलं, तिथे बाक होतं. मग त्यांचं बोट हळूहळू खाली आलं, पाण्यात. देऊळ सापडलं. देवळापासून तिसरं घर सापडलं. तिथे ते थांबले. मी घरी सांगितलं तेव्हा जे त्यांना कळलं नव्हतं ते आता कळलंय हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं, शर्ट ताणला गेलेला.

'आमचा गाव पान्यान ढकललाय यांनी,' ते म्हणाले.

मोठ्याने म्हणाले नाहीत. पण माईक तिथेच होता आणि मागच्या खुर्चीपर्यंत गेलं. पुढच्या रांगेतले म्हातारे उठले, आपापली घरं बघायला स्क्रीनपाशी गर्दी झाली. कुणी म्हणालं यो माझा, कुणी म्हणालं तो तुझा नाय, त्याच्या मागला. आईसुद्धा गेली, जरीचा पदर सावरत. घर घ्यायला आलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका बाईने आपल्या नवऱ्याला विचारलं, 'इथे गाव आहे?'

मार्केटिंगवाला सरांकडे वळला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, आवाजात नव्हतं. 'हे कुणी चेक केलं?'

सरांनी माझ्याकडे बघितलं. मित्र माझ्या बाजूलाच उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, मला वाट करून देत म्हणाले, 'तुला दिसलं नाही ना? होतं असं. अंधारात राहून जातं.'

एवढंच म्हणायचं होतं, हो सर, राहून गेलं. स्टुडिओ शाबूत राहिला असता. सरांना तेच हवं होतं, मला ते आजही कळतं. पण माझ्या नजरेबद्दल कुणी असं बोललेलं मला चालत नाही.

'दिसलेलं सर,' मी म्हटलं. 'पहिल्यांदा बघितलं तेव्हाच.'

सरांनी डोळे मिटले. माझं नाव तिथेच गेलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते जाताना. बाबा स्क्रीनपासून मागे वळले. त्यांनी ऐकलं होतं. गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभे राहिले, शाल एका खांद्यावरून घसरलेली.

'दिसला होता तं सांगितला का नाय?'

'सांगितलं असतं,' मी म्हटलं, 'तर तेही पुसलं असतं त्यांनी.'